सशाच्या हिशेबात उन्हाळा कुठे आहे?



अलीकडे जिल्ह्याच्या कोणत्याही बैठकीला गेलो, की चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेते आणि विचारते, "साहेब, ससे पाळावेत का?" विचारणारा बहुधा शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जत या कोरडवाहू पट्ट्यातला असतो. वेचणीची मजुरी, औषधांचा खर्च आणि बोंडअळी यांतून कपाशीने हाती काही ठेवलेले नसते. ज्वारी घरी खाण्यापुरती आणि कडबा दावणीपुरता. अशा वेळी कोणीतरी एक रंगीत कागद हातात देतो: सात माद्या, तीन नर, थोडी जागा, आणि वर्षाअखेर भरघोस उत्पन्न. या प्रश्नावर आम्ही उलट एकच प्रश्न विचारतो, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या सशापाशी कोण असणार?"

विचारणाऱ्याला वाटते, साहेब टाळताहेत. आम्ही टाळत नाही. सशाचा धंदा या एका प्रश्नावर उभा राहतो किंवा बसतो.

रोग नव्हे, ऊन

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. अंगणाच्या कडेला पत्र्याचे बुटके छप्पर, त्याखाली लोखंडी जाळीचे पिंजरे. घरधनी बाजाराला गेलेला. घरची सून टँकर आला म्हणून हंडे घेऊन पळालेली. ती तासाभराने परत आली तेव्हा अकरा ससे आडवे झाले होते आणि उरलेले मान मागे टाकून, तोंड उघडून धापा टाकत होते. संध्याकाळपर्यंत आणखी सहा गेले. ज्यांच्याकडून ससे घेतले त्यांना फोन लावला, तर त्यांनी सांगितले, "काहीतरी रोग आला असेल, औषध पाठवतो."

रोग कसला? पत्र्याला हात लावता येत नव्हता. ते ससे उन्हाने मेले होते. जिल्हा बँकेचे नव्हे, बचतगटाचे कर्ज होते. त्यामुळे हप्ता चुकला तर तोंड दाखवायचे ते गल्लीतल्याच बायकांना.

आम्हाला जास्त लागले ते वेगळेच. त्या घरात भिंतीला एक जुनी घडीपत्रिका अडकवलेली होती. कृषी पदवी घेऊन आम्ही नोकरीत असताना जी शिबिरे घेत होतो, त्यात वाटत होतो तशीच. "निवारा हवेशीर असावा, स्वच्छ पाणी मुबलक द्यावे." बस, उन्हाविषयी एवढेच. हवेशीर म्हणजे काय, मुबलक पाणी मे महिन्यात कोठून, हे आम्ही लिहिले नव्हते आणि आम्हाला कोणी विचारलेही नव्हते. त्या सतरा सशांत आमचाही वाटा आहे असे आम्ही मानतो, आणि म्हणून आज हे लिहितो.

सशाला घाम येत नाही

माणसाला ऊन लागले की घाम येतो, घाम वाळतो, अंग निवते. सशाला अंगभर घाम येत नाही. अंगावर दाट लोकर. म्हैस डबक्यात बसते, कोंबडी पंख पसरते, कुत्रे जीभ काढून धापा टाकते. सशाला यातले काहीच नीट जमत नाही. तो नाकाने भराभर श्वास घेतो आणि उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांतून. ते लांब कान, त्यांतल्या ठसठशीत शिरा, हा त्याचा पंखा आहे. पण बाहेरची हवाच अंगाइतकी तापली की हा पंखा बंद पडतो. सशाच्या अंगाची उष्णता साधारण ३९ अंश असते. नगरला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास फिरतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. मग उष्णता जाणार कोठे?

सशाला १५ ते २५ अंश मानवते. ३० च्या पुढे तो खाणे कमी करतो. ३५ च्या पुढे जिवाला धोका सुरू होतो. मरतूक डोळ्यांना दिसते, पण त्याआधी न दिसणारे नुकसान होऊन गेलेले असते. सतत ३० च्या वर तापलेल्या नराचे बीज बिघडते आणि नवे तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात भाजलेला नर पावसाळा लागला तरी जुलै संपेपर्यंत भरवशाचा नाही. मादी गाभण राहिली तरी पिल्ले कमी होतात, पोटातच जिरतात, किंवा दूध आटल्याने पेटीत मरतात. शेतकरी म्हणतो, "मादी वांझ निघाली." दोष मादीचा नसतो, छपराचा असतो.

कोणी म्हणेल, आपल्या माळावर ससे आहेतच की, ते कसे जगतात? माळावरचा ससा ही वेगळी जात आहे. तो दिवसभर झुडपाच्या बुडाशी निपचित पडतो आणि रात्री चरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरणे, मारणे, पाळणे गुन्हा आहे. पिंजऱ्यातला ससा मूळचा युरोपातल्या स्पेनकडच्या मुलखाचा, बिळे खोदून राहणारा. आपल्याकडे पाळतात त्या न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट या जाती त्याच्याच वंशाच्या. ऊन वाढले की हा प्राणी जमिनीखाली जातो. आपण त्याचे बीळ काढून घेतो आणि त्याला जमिनीपासून तीन फूट वर, पत्र्याखाली टांगतो. तेव्हा बिळाची सावली देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

सरकारी संस्थेचे उदाहरण बघा. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांवर काम करणारी केंद्रे कुल्लूच्या खोऱ्यात गार्सा येथे आणि तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे आहेत. दोन्ही थंड जागा. संस्थेच्या मुख्यालयी, राजस्थानातल्या अविकानगरलाही, ससे पाळले आहेत. म्हणजे उन्हाच्या मुलखात ससा जगतच नाही असे नाही. पण तिथले छप्पर, पाणी आणि नोकर सरकारच्या खर्चाने आहेत. आपल्या वस्तीवर हा खर्च कोणी करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याजवळ जे आहे त्यातून

पंखे, फॉगर, कूलर सांगणारे पुष्कळ आहेत. मळ्यातल्या वस्तीवर वीज कधी दिवसा, कधी रात्री. ऐन दुपारी ती असेलच असे कोण सांगेल? विजेवर ज्याचा जीव आहे असे जनावर कोरडवाहू शेतकऱ्याने पाळू नये. विजेशिवाय काय करता येते ते सांगतो.

पहिली गोष्ट सावली. सर्वांत चांगले छप्पर म्हणजे कडुनिंब. पिंजरे झाडाखाली ठेवता येत असतील तर निम्मे काम झाले. शेड बांधायचीच तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंना लागते. पत्रा असेल तर वरून चुना मारावा आणि त्यावर वीतभर जाड थर द्यावा. कडबा यासाठी वापरू नका. दुष्काळी साली तो सोन्याच्या भावाने विकत घ्यावा लागतो. कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या तशाही बांधावर पडून असतात. नेवासे-श्रीरामपूरकडे उसाचे पाचट मिळते. छप्पर बुटके नको. पिंजऱ्यावर माणूस उभा राहून हात वर करील एवढी उंची हवी. पश्चिमेला घोसाळी, दोडका यांचा वेल पावसाळ्यातच चढवून ठेवला तर उत्तम, पण तो उन्हाळ्यात जगवायला पाणी लागते. पाणी नसेल तर पऱ्हाटीचा कूड चालतो.

दुसरी गोष्ट ओलावा. आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेत पाणी भरभर उडते व उडताना गारवा देते. माठ गार होतो तो याच कारणाने. पिंजऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला गोणपाट टांगावे आणि अकरा ते पाच या वेळात ते वाळू देऊ नये. गोणपाट पिंजऱ्याला चिकटवू नये, हातभर अंतर ठेवावे आणि समोरची बाजू मोकळी ठेवावी. चारही बाजू ओल्या गोणपाटाने बंद केल्या, तर आत दमट भट्टी होते. जूनमध्ये आभाळ भरून आले, वारा पडला की हा उपाय चालत नाही. त्या दिवसांत गोणपाटे काढून वारा मोकळा करावा. सशाला अंगावर पाणी ओतून भिजवू नये. तळही ओला ठेवू नये, कारण मुताचा उग्र वास साठतो आणि नाका-छातीचे दुखणे जडते.

तिसरी गोष्ट बूड गार ठेवणे. जाळीवर बसलेल्या सशाला टेकायला गार जागा नसते. प्रत्येक पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा किंवा जाड खापराचा तुकडा ठेवावा. सकाळी तो पाण्यात बुडवून, पुसून ठेवला की ससा दुपारी त्यावर पोट टेकून पसरतो. पाणी प्लॅस्टिकच्या डब्यात तापते. मातीच्या जड भांड्यात द्यावे आणि दुपारी एकदा बदलावे. तापलेले पाणी ससा पीत नाही, आणि पाणी प्यायला नाही तर तो खातही नाही.

चौथी गोष्ट बीळ परत देणे. आपल्या वाडवडिलांनी ज्वारी पेवात ठेवली, कारण दोन-तीन हात खाली जमीन दिवसाच्या उन्हाला दाद देत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखात सशांसाठी असेच जमिनीखालचे कप्पे करतात. आपल्याकडे हे करायचे तर मुरमाड जागा पाहावी. काळ्या रानात करू नये. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि कप्पा एक तर ढासळतो नाहीतर पाण्याने भरतो. वर दगडी झाकण, तोंडाला जाळी हवी. नाहीतर साप, मुंगूस, कुत्रे ससा ठेवणार नाहीत.

पाचवी गोष्ट वेळ. उन्हाळ्यात खाणे सूर्य मावळल्यावर आणि तांबडे फुटायच्या आत द्यावे. पचनाची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळू देऊ नये. घास असेल तर तो थोडा सुकवून द्यावा. हिरवे नाही म्हणून पाणी तुटलेली कोवळी ज्वारी किंवा किराळ कधी घालू नये. बैलाला किराळ लागते हे आपल्याला माहीत आहे. सशाला तर मूठभरही पुरे. धरणे, उचलणे, तपासणे, विकायला नेणे ही सगळी कामे पहाटे. एका पिंजऱ्यात गर्दी नको. फेब्रुवारीच्या मध्यापासून मादी नराला दाखवणे बंद करावे, म्हणजे पिल्ले ऐन उन्हात येणार नाहीत.

आणि ससा उन्हाने आडवा झालाच तर? कान तांबडे व कढत, श्वास भराभर, नाक-तोंड ओले, अशी खूण दिसताच त्याला सावलीत गार जमिनीवर घ्यावे. कानांवरून माठातल्या पाण्याचे ओले फडके पुन्हा पुन्हा फिरवावे. बर्फात किंवा बादलीत बुडवू नये, धक्क्याने मरतो. घशात पाणी ओतू नये, समोर ठेवावे. तोंड उघडून धापा टाकू लागलेला ससा क्वचितच वाचतो. म्हणून इलाज अकरा वाजता सुरू करायचा, दोन वाजता नव्हे.

आता हिशेब मांडू

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग झाले की, उपाय तर फुकटचे आहेत. भावांनो, आपल्याला फसवणारा शब्द तोच आहे, 'फुकट'. शेतीत घरचे राबणे फुकट धरले म्हणून आपला उत्पादन खर्च कधी कागदावर आला नाही. तीच चूक सशात करू नका.

दहा सशांचे एक युनिट घ्या. चार गोणपाटे, प्रत्येकाला एका वेळी दोन-अडीच लिटर पाणी, दिवसातून पाच वेळा, म्हणजे ४० ते ५० लिटर. पिण्याचे पाच-दहा लिटर धरून रोज साठ लिटरच्या आत-बाहेर, म्हणजे तीन-चार हंडे. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ९० दिवस धरले तर ५,४०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्म्याहून थोडा जास्त भाग एकट्या दहा सशांना. ज्या गावात माणसाला टँकर आहे, तिथे हे पाणी कोठून आणणार, हे आधी ठरवा.

आता हात. गोणपाट भिजवणे, भांडी बदलणे, फरशी ओली करणे, फेऱ्या मारणे, सगळे मिळून दिवसाचे दोन तास. ९० दिवसांचे १८० तास, म्हणजे आठ तासांच्या बावीस मजुऱ्या. हे काम करणार कोण? घरधनी नव्हे. सून, म्हातारी, नाहीतर शाळेची सुट्टी लागलेली पोर. त्यातही हे दोन तास सलग नसतात. अकरा ते पाच ती बाई वस्ती सोडून हलू शकत नाही. लग्नाला नाही, बाजाराला नाही, टँकरवर नाही. पाथर्डीच्या त्या सुनेची चूक एवढीच, की ती तासभर पाण्याला गेली.

आणि उत्पन्न? त्या वस्तीवरच्या कागदात मादीची वर्षाला सहा वेते आणि वेताला सहा पिल्ले जगणार असे धरले होते. सात माद्यांची २५२ पिल्ले. आपल्या उन्हात फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा स्थिर होईपर्यंत मादी नराला दाखवता येत नाही. गाभणकाळ महिन्याचा, पिल्ले तोडायला पाच-सहा आठवडे. उरलेल्या दिवसांत तीन वेते नीट होतात, चौथे झाले तर नशीब. तीन वेतांची १२६ पिल्ले. एकही ससा न मरता उत्पन्न निम्मे झाले! कागद छापणाऱ्याने खोटे आकडे दिले असेही म्हणता येणार नाही. त्याने फक्त थंड हवेचे आकडे नगरला विकले.

ते १२६ विकायचे कोठे, हाही प्रश्न आहेच. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात शेळी उभी केली तर संध्याकाळपर्यंत दहा गिऱ्हाइके भाव करतात. सशाला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून तर 'आम्हीच विकत घेऊ' अशा करारावर ससे दिले जातात. तामिळनाडूत पेरुंदुराईला इमूचे २०१२ मध्ये आणि आपल्याकडे इस्लामपूरला कडकनाथ कोंबडीचे २०१९ मध्ये काय झाले, ते सर्वांनी पाहिले. ज्या मालाचा खरेदीदार एकच, आणि तोच बियाणे विकणारा, त्या मालाचा भाव त्याच्या मर्जीवर. कापूस एकाधिकार खरेदीचा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना हे वेगळे समजवायला नको.

मग पाळू नयेत का?

आम्ही तसे म्हणत नाही. कोणी काय पाळावे हे सांगण्याचा अधिकार सरकारलाही नाही आणि आम्हालाही नाही. घराला लागून निंब आहे, विहिरीला मेपर्यंत पाणी आहे, घरात दिवसभर एक जाणते माणूस आहे आणि जवळच्या शहरात गिऱ्हाईक स्वतः पाहून ठेवले आहे, अशा घराने पाच-सात ससे जरूर पाळावेत. ते पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात आणावेत. मार्चमध्ये स्वस्त मिळतात म्हणून आणू नयेत. ते स्वस्त का असतात हे आता कळले असेल. एक उन्हाळा काढावा. तो निभला तर मग वाढवावेत. कर्ज काढून एकदम शंभर ससे घेणे म्हणजे पहिल्याच मे महिन्यावर घर लावणे आहे.

ज्यांना सशाशी देणेघेणे नाही त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. संकरित गाय उन्हाळ्यात दूध कमी करते, उलटते, गाभ धरत नाही. दोष देतो आपण रेतनाला. कोंबड्यांची शेड एका दुपारी रिकामी होते. दोष देतो खाद्याला. थंड मुलखातले जनावर आणले की त्याच्याबरोबर थंडीही आणावी लागते, आणि त्या थंडीची किंमत पाणी, सावली आणि बाईची दुपार या तीन नाण्यांत मोजावी लागते. प्रकल्प अहवालात शेडचा खर्च असतो, खाद्याचा असतो, औषधाचा असतो. ही तीन नाणी नसतात.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही एक गोष्ट मांडणार आहोत. कोणत्याही जोडधंद्याचा कागद गावात आला, मग तो खाजगी माणसाचा असो, बँकेचा असो की सरकारी खात्याचा, तर त्यावर सही करण्याआधी तो गावाच्या बैठकीत वाचावा आणि देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. मे महिन्यात याला रोज पाणी किती लागेल? दुपारी याच्यापाशी कोण राहील आणि त्याची मजुरी कोठे धरली आहे? तुम्ही घेतले नाही तर हा माल मी कोणत्या बाजारात विकू? उत्तर लेखी मागावे. बैठकीला मायबहिणींनी यावेच, कारण दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांनाच माहीत असते.

ज्यांनी ससे पाळले आणि एक तरी उन्हाळा काढला, त्यांनी आपला हिशेब घेऊन यावे. किती मेले, किती जगले, पाणी कोठून आणले, सगळे सांगावे. आमच्या घडीपत्रिकेत जे नव्हते, ते तुमच्याकडून लिहून घ्यायचे आहे. ते छापून पुढच्या बैठकीत वाटू, आणि या वेळी त्यात पहिल्या ओळीला उन्हाळा असेल.